डोमिनो : मालकाचा शब्द, कष्टकऱ्यांचा खेळ

काही शब्द न विचारता घरात शिरतात. ‘डोमिनो’ हा त्यातलाच एक. मुले तो पिझ्झाच्या खोक्यावर वाचतात. एक बँक बुडाली आणि पाठोपाठ दुसरी बुडाली की वर्तमानपत्रे ‘डोमिनो परिणाम’ झाला असे लिहितात. टीव्हीवर हजारो सोंगट्या रांगेत उभ्या करून एका बोटाच्या धक्क्याने पाडताना दाखवतात, त्यालाही डोमिनोच म्हणतात. आणि इंग्रजी शब्दकोश उघडला तर तिथे आणखी दोन अर्थ सापडतात : डोक्यावरून घ्यायचा लांब झगा आणि डोळ्यांपुरता मुखवटा.

सोंगटी, झगा आणि मुखवटा या तीन वस्तूंचे नाव एकच कसे? मुलांनी असा प्रश्न विचारला तर आईवडिलांजवळ उत्तर असावे, म्हणून आम्ही या शब्दाचा माग काढला. तो माग थेट रोमच्या गुलामांपर्यंत जाऊन पोचतो. म्हणूनच या पानावर या एका शब्दाला एवढी जागा देत आहोत.

घर आणि घराचा धनी

प्राचीन रोमची भाषा लॅटिन. त्या भाषेत ‘दोमुस’ म्हणजे घर आणि ‘दोमिनुस’ म्हणजे घराचा धनी, मालक. आपल्या शाळेत मुलांना विभक्ती शिकवतात, तशा लॅटिनलाही विभक्ती आहेत. ‘धनी’ या शब्दाचे ‘धन्याला’ असे रूप होते, तसे ‘दोमिनुस’चे ‘दोमिनो’ होते. म्हणजे डोमिनो या शब्दाचा मूळ अर्थ अगदी सरळ आहे : ‘मालकाला’.

हा मालक केवळ भिंतींचा आणि छपराचा मालक नव्हता. रोमची शेती, खाणी, स्वयंपाकघरे गुलामांच्या श्रमावर चालत. गुलाम ज्याच्या मालकीचा, तो त्याचा दोमिनुस. गुलामाला विकणे, भाड्याने देणे, फटके मारणे हे सारे दोमिनुसच्या हातात होते. कित्येक शतके त्याचा जीव घेण्याचा अधिकारही मालकाकडेच होता.

आपल्याकडे गिरणी-कारखान्यातला माणूस ‘फॅमिली गावाला गेली आहे’ असे सहज म्हणतो. हा ‘फॅमिली’ शब्दही त्याच घरातला आहे. लॅटिनमध्ये ‘फामुलुस’ म्हणजे घरचा नोकर, गुलाम. अशा गुलामांसह एका धन्याच्या सत्तेखाली राहणारी सगळी माणसे मिळून ‘फामिलिया’. आज ज्या शब्दात आपल्याला माया वाटते, त्याची सुरुवात मालमत्तेच्या मोजदादीपासून झाली आहे.

यात आपल्याला अगदीच परके वाटावे असे काही नाही. आपल्या गावातही ‘मालक’ आणि ‘धनी’ हे शब्द असेच दुहेरी वापरले गेले. शेतात राबणारा जमीनदाराला मालक म्हणायचा आणि घरात राबणारी नवऱ्याला मालक म्हणायची. ‘मालक घरी नाहीत’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकले असेल. कामावरचा मालक आणि घरातला मालक यांना एकच शब्द पुरत होता.

भाषांचे अभ्यासक मात्र आणखी एक गोष्ट सांगतात. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एका कुळातल्या भाषा. लॅटिनमधला ‘दोमुस’ आणि वेदकालीन भाषेतला ‘दम’ हे सख्खे भाऊ, दोन्हींचा अर्थ घर. त्या ‘दम’ला ‘पति’ म्हणजे धनी जोडला की ‘दंपती’ होतो. ग्रीक भाषेत याच जोडीचा शब्द झाला ‘देस्पोतेस’, आणि त्यातून इंग्रजीत आला ‘डेस्पॉट’ म्हणजे जुलमी हुकूमशहा. एकाच मुळाच्या या दोन फांद्या. एका फांदीवर हुकूमशहा बसला. दुसऱ्या फांदीवर ‘दंपती’ हा शब्द द्विवचनात वापरला गेला आणि त्याचा अर्थ झाला नवरा-बायको, म्हणजे घराचे दोन धनी. लग्नपत्रिकेत ‘दांपत्य’ छापताना हा अर्थ ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या शब्दातच घराला मालक एक नसून दोन आहेत.

सम्राटाने नाकारलेली पदवी

मालक या शब्दाला गुलामगिरीचा वास किती होता, हे रोमच्या पहिल्या सम्राटाच्या गोष्टीवरून कळते. त्याचे नाव ऑगस्टस. एकदा नाटकात चांगल्या, न्यायी धन्याचा उल्लेख आला, तेव्हा प्रेक्षकांनी तो ऑगस्टसला उद्देशून आहे असे समजून टाळ्या वाजवल्या. ऑगस्टसने त्यांना हाताने थांबवले आणि दुसऱ्या दिवशी फर्मान काढून तंबी दिली. त्यानंतर स्वतःच्या मुला-नातवंडांनाही त्याने आपल्याला थट्टेतसुद्धा ‘दोमिनुस’ म्हणू दिले नाही. सुएतोनियस या रोमन चरित्रकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

ऑगस्टस काही साधुसंत नव्हता. साऱ्या सत्तेच्या दोऱ्या त्याच्याच हातात होत्या. पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. राज्यकर्त्याला मालक म्हणायचे तर प्रजेने स्वतःला गुलाम म्हणवून घ्यायचे, आणि ते रोमच्या स्वतंत्र नागरिकांना सहन होणारे नव्हते. पुढे इ. स. ८१ ते ९६ या काळात डोमिशियन सम्राट झाला. त्याने आपल्या पत्रांतून स्वतःचा उल्लेख ‘मालक आणि देव’ असा करायला लावला. शेवटी राजवाड्यातच त्याचा खून झाला. इ. स. २८४ मध्ये डायोक्लेशियन गादीवर आल्यापासून मात्र सम्राटाला दोमिनुस म्हणणे हा रिवाजच पडला. इतिहासकार त्या राजवटीला ‘डॉमिनेट’ म्हणतात. दडपून ठेवणे या अर्थाचा इंग्रजी शब्दही तोच आहे.

मालकाचा देव होतो

ख्रिस्ती धर्म रोममध्ये पसरला तेव्हा ‘प्रभू’ या अर्थी लॅटिनमध्ये दोमिनुस हाच शब्द वापरला गेला. शाळेच्या पुस्तकात इसवी सनासाठी जी ‘ए. डी.’ अक्षरे असतात, ती ‘आन्नो दोमिनि’ची. अर्थ : प्रभूच्या वर्षी. रविवार हा प्रभूचा वार ठरला. म्हणून पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषेत रविवारला ‘डोमिंगो’ म्हणतात. गोव्यात आणि मुंबईत डॉमिनिक किंवा डोमिंगोस नावाचे शेजारी असतात, त्यांची नावे याच मुळातली, म्हणजे ‘प्रभूचा’. वेस्ट इंडिजच्या क्रिकेटमुळे डॉमिनिका बेटाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाला ते बेट दिसले, तो रविवार होता, म्हणून ते नाव पडले.

या मुळाची आणखी दोन फळे आपल्या रोजच्या पाहण्यातली आहेत. विजेच्या खांबावर ‘डेंजर’ अशी पाटी असते. जुन्या फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ होता सरदाराची सत्ता. एखाद्याच्या ‘डेंजर’मध्ये असणे म्हणजे त्याच्या तावडीत असणे. मालकाच्या तावडीत सापडणे हाच सर्वांत मोठा धोका, हे शब्दानेच सांगून ठेवले आहे! दुसरा शब्द ‘मॅडम’. ‘माझी मालकीण’ असा त्याचा मूळ अर्थ. एके काळी तो सरदारांच्या बायकांसाठी राखून ठेवलेला होता. आज शाळेत, दवाखान्यात, कचेरीत कष्टकऱ्यांच्या मुलींना लोक मॅडम म्हणतात. शब्द वाड्यातून बाहेर पडतात ते असे.

कुंची, झगा आणि मुखवटा

आता डोमिनोकडे वळू. फ्रान्समधले पाद्री थंडीत डोके आणि खांदे झाकणारे काळे वस्त्र घेत. आपल्याकडे तान्ह्या बाळाला कुंची घालतात, साधारण त्या घाटाचे. त्या वस्त्राला सोळाव्या शतकात ‘डोमिनो’ म्हणू लागले. लॅटिन प्रार्थनेत ‘प्रभूला’ या अर्थाने ‘दोमिनो’ हे रूप वारंवार येते, त्यावरून ते नाव पडले असे कोशकार मानतात.

पाद्र्यांची ही कुंची पुढे लांब झगा बनून श्रीमंतांच्या मेजवान्यांत गेली. इटलीत व्हेनिस शहराचा मुखवट्यांचा उत्सव प्रसिद्ध आहे. तिथे आणि युरोपभरच्या मुखवटा-नाचांत लोक पायघोळ झगा आणि अर्धा मुखवटा घालून येत. त्या साऱ्या पेहरावाला आणि नुसत्या मुखवट्यालाही डोमिनो म्हणत. या पेहरावात कोण सरदार आणि कोण सामान्य हे ओळखू येत नसे. मालकाच्या नावाचा झगा मालकालाच झाकून टाकी.

पण मोठेपणा सहजासहजी झाकला जात नाही. १६ मार्च १७९२ रोजी स्टॉकहोमच्या नाट्यगृहात मुखवटा-नाच होता. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव डोमिनो आणि मुखवटा घालून आला, पण दरबारी मानाचा चांदीचा तारा त्याच्या अंगावर तसाच चमकत होता. मुखवटे घातलेल्या मारेकऱ्यांनी त्याला ओळखले आणि पाठीत गोळी घातली. २९ मार्चला तो मरण पावला.

कैद्यांनी कोरलेली हाडे

खेळाचे मूळ युरोपात नाही, चीनमध्ये आहे. तेराव्या शतकात होऊन गेलेल्या झोउ मी या लेखकाने हांगझोउ शहराच्या आठवणी लिहिल्या. त्यात फेरीवाले विकत असलेल्या मालात फाशांबरोबर खेळाच्या पाट्यांचाही उल्लेख आहे. चिनी भाषेत या सोंगट्यांना ‘हाडाची पाने’ अशा अर्थाचे नाव आहे. दोन फासे टाकले तर २१ वेगवेगळ्या जोड्या पडू शकतात. त्यातली प्रत्येक जोडी एकेका सोंगटीवर कोरली आणि ११ जोड्या दुसऱ्यांदा घेतल्या, असा ३२ सोंगट्यांचा चिनी संच झाला.

अठराव्या शतकात हा खेळ इटलीत आणि तिथून फ्रान्समध्ये दिसू लागला. युरोपच्या संचात कोऱ्या बाजूच्या ७ सोंगट्या वाढल्या, म्हणून २१ आणि ७ मिळून २८ झाल्या. सोंगटीचा चेहरा पांढऱ्या हाडाचा किंवा हस्तिदंताचा आणि पाठ काळ्या लाकडाची. काळ्या झग्यातल्या पाद्र्यासारखी दिसणारी सोंगटी म्हणून तिचे नाव डोमिनो, असा एक कयास आहे. दुसरा कयास असा की हातातली शेवटची सोंगटी लावणारा ‘डोमिनो’ असे ओरडे, म्हणजे ‘मी धनी झालो’. फ्रेंच भाषेत ‘डोमिनो करणे’ याचा अर्थ डाव जिंकणे असाच आहे.

इंग्लंडमध्ये हा खेळ पसरवण्यात फ्रेंच युद्धकैद्यांचा मोठा हात मानला जातो. पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ ते १८१४ या काळात युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. हजारो फ्रेंच शिपाई आणि खलाशी तिथे वर्षानुवर्षे अडकून पडले. स्वयंपाकघरातून जी हाडे टाकून दिली जात, ती स्वच्छ करून ते कोरत. त्यातून जहाजांच्या प्रतिकृती, पेट्या आणि डोमिनोचे संच बनत. ते छावणीच्या बाजारात विकून त्यांना चार पैसे मिळत. पीटरबरोच्या संग्रहालयात या वस्तू आजही पाहायला मिळतात. जोसेफ स्ट्रट या इंग्रज लेखकाने १८०१ साली खेळांवर पुस्तक लिहिले. डोमिनो हा पोरकट खेळ असून थोड्याच वर्षांपूर्वी फ्रान्समधून आला, अशा शब्दांत त्याने त्याची बोळवण केली. पण कैद्यांच्या हातचा हा खेळ खाणकामगारांनी आणि गिरणीकामगारांनी उचलून धरला. उत्तर इंग्लंडच्या पबमध्ये तो आजही खेळला जातो.

गुलामांच्या वारसांचा खेळ

या शब्दाची सर्वांत मोलाची गोष्ट वेस्ट इंडिजमध्ये घडली. उसाच्या मळ्यांत राबवण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसे जहाजात कोंबून या बेटांवर आणली गेली. तिथे ती पुन्हा मालकाची मालमत्ता झाली, अगदी रोमसारखीच. हैतीच्या गुलामांनी १७९१ साली बंड केले आणि १८०४ साली स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. इंग्रजांच्या वसाहतींत गुलामगिरीबंदीचा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी चार वर्षे राबवून घेतल्यावर १८३८ साली माणसे खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

आज जमैका, हैती, क्युबा, पोर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक, कुठेही जा, संध्याकाळी झाडाखाली किंवा दुकानासमोर चौघे जण टेबलाभोवती बसलेले दिसतात. आपल्या चाळीच्या चौकात कॅरम, तसा तिथे डोमिनो. समोरासमोर बसलेले दोघे भिडू. सोंगटी हळूच ठेवायची नाही, टेबलावर ठण्णकन आपटायची. जमैकात सलग सहा डाव जिंकणे हा मोठा मान. क्युबाच्या हवाना भागात तर शून्य ते नऊपर्यंतचा ५५ सोंगट्यांचा संच असतो. अमेरिकेतल्या मायामी शहरात क्युबन वस्तीत एक बागच ‘डोमिनो पार्क’ म्हणून ओळखली जाते. ब्रिटनमध्ये कामाला गेलेल्या वेस्ट इंडियन मजुरांनी हा खेळ बरोबर नेला आणि परक्या थंड शहरांत त्याच टेबलाभोवती आपली माणसे गोळा केली.

ज्या शब्दाने गुलामाच्या मालकाचा बोध होत असे, तो शब्द आज त्या गुलामांचे वारस आपल्या फुरसतीच्या खेळासाठी वापरतात. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमात राबलेला माणूस संध्याकाळी शेवटची सोंगटी आपटून ‘डोमिनो!’ म्हणतो तेव्हा त्या टेबलापुरता तरी धनी तोच असतो. शब्दाला कायमचा मालक नसतो. तो वापरणाऱ्यांचा होतो.

पिझ्झाच्या खोक्यावरचे नावही याच कुळातले. १९६० साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावी दोन भावांनी ‘डॉमिनिक्स’ नावाचे छोटे पिझ्झाचे दुकान विकत घेतले. १९६५ साली त्याचे नाव ‘डोमिनोज’ असे बदलले. चिन्हातल्या सोंगटीवर तीन ठिपके आहेत, कारण तेव्हा दुकाने तीन होती. भारतात ते १९९६ साली आले.

माणसे सोंगट्या नव्हेत

आता वर्तमानपत्रातल्या ‘डोमिनो परिणामा’विषयी. रांगेत उभ्या केलेल्या सोंगट्या पाडणे हा मूळ खेळ नाही, ती नुसती करमणूक आहे. ती गंमतीची आहे, यात शंका नाही. एक सोंगटी स्वतःहून दीडपट मोठी सोंगटी पाडू शकते, हे लॉर्न व्हाइटहेड या शास्त्रज्ञाने १९८३ साली दाखवून दिले. १३ नोव्हेंबर २००९ रोजी नेदरलँड्समध्ये ४४ लाखांहून अधिक सोंगट्या एकामागून एक पाडण्याचा विक्रम झाला.

पण हीच करमणूक राज्यकर्त्यांच्या डोक्यात शिरली तेव्हा अनर्थ झाला. ७ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पत्रकारांसमोर सोंगट्यांची उपमा दिली. व्हिएतनामच्या भागात कम्युनिस्ट जिंकले तर शेजारचे देश सोंगट्यांसारखे पटापट कोसळतील, असा त्यांचा मुद्दा. हाच ‘डोमिनो सिद्धांत’. पुढच्या अध्यक्षांनीही तो डोळे झाकून मानला आणि अमेरिका व्हिएतनामच्या युद्धात खोल रुतत गेली. ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनाम सरकारने १९९५ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे सैनिक आणि सामान्य माणसे मिळून त्यांची जवळपास ३० लाख माणसे गेली. ३० एप्रिल १९७५ रोजी युद्ध संपले. लाओस आणि कंबोडिया कम्युनिस्टांकडे गेले, पण थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया कोसळले नाहीत. युद्ध चालवणारे संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी १९९५ साली आठवणी लिहिल्या आणि आपली धोरणे चुकली हे कबूल केले. तोवर फार उशीर झाला होता.

सिद्धांत चुकला, कारण देश म्हणजे सोंगट्या नव्हेत. प्रत्येक देशाला आपला इतिहास, आपल्या भुका आणि आपले निर्णय असतात. दूरच्या खुर्चीवर बसून जो इतरांना सोंगट्या समजतो, तो पुन्हा जुन्या अर्थाने दोमिनुस होऊ पाहतो.

घरी करून पाहा

आता मुलांसाठी. बाजारात संच महाग वाटला तर जाड पुठ्ठ्याचे २८ सारखे तुकडे कापा. प्रत्येकाच्या मधोमध रेघ मारा. दोन्ही बाजूंना शून्यापासून सहापर्यंतचे ठिपके अशा रीतीने काढा की एकही जोडी दोनदा येणार नाही : शून्य-शून्य, शून्य-एक, असे करत सहा-सहापर्यंत. जोड्या बरोबर २८ होतात. सारे ठिपके मोजा. ते १६८ भरले नाहीत तर कुठेतरी चूक आहे असे समजा. मुलांचा गणिताचा अभ्यासही यात होऊन जाईल.

चौघांनी बसायचे, समोरासमोरचे दोघे भिडू. सोंगट्या पालथ्या घालून मिसळायच्या आणि प्रत्येकाने सात घ्यायच्या. ज्याच्याकडे सहा-सहा असेल त्याने सुरुवात करायची. पुढच्याने सहाला सहा जोडायचा, मग जे टोक मोकळे असेल त्याला तेवढ्याच ठिपक्यांची सोंगटी लावायची. जुळणारी नसेल तर पास. ज्याची शेवटची सोंगटी आधी लागेल त्याची जोडी जिंकली. विरुद्ध जोडीच्या हातात उरलेले ठिपके मोजून तेवढे गुण घ्यायचे. आजी, आई, बाबा, पोर, कोणीही कोणाचा भिडू होऊ शकतो.

खेळताना मुलांना एवढे जरूर सांगा की डोमिनोच्या मूळ खेळात एकमेकांना पाडायचे नसते. आपल्याशी जुळणारे टोक शोधून त्याला जोडत जायचे असते.